वारसा सकाळी दिसतो, रात्री नाही

"बापावर गेलाय. तोही परीक्षा आली की असाच पोट धरून बसायचा." इंदुरात रामबागेपासून सुदामानगरापर्यंत कुठल्याही मराठी घरात हे वाक्य कानावर पडतं. हल्ली त्यापुढे आणखी एक प्रश्न येतो: ताणाचं हार्मोन म्हणे रक्तातूनच येतं, मग मुलाची जनुकांची टेस्ट करून घ्यावी का?

प्रश्न रास्त आहे. मुलांच्या कॉर्टिसॉलवर, म्हणजे याच ताणाच्या हार्मोनवर, जनुकांचा परिणाम होतो, यात शंका नाही. तो किती दिसेल, हे मात्र मोजताना घड्याळात किती वाजलेत यावर अवलंबून असतं. सकाळी उठल्यावर पाऊण तासाने तो सगळ्यांत ठळक असतो आणि रात्री झोपायच्या वेळी जवळजवळ सापडत नाही. हे लक्षात घेतलं नाही, तर टेस्ट कितीही महाग असो, तिच्यातून चुकीचाच अर्थ निघतो.

आधी यंत्रणा थोडक्यात. मेंदूतला हायपोथॅलॅमस सीआरएच नावाचं रसायन सोडतो. त्याच्या इशाऱ्यावर पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हे हार्मोन सोडते. ते रक्तातून दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींपर्यंत पोचतं आणि त्या ग्रंथींचा बाहेरचा थर कॉर्टिसॉल तयार करतो. कॉर्टिसॉल पुरेसं झालं की तेच मेंदूला जाऊन 'आता पुरे' असं कळवतं. या साखळीतली प्रत्येक कडी प्रथिनांच्या जोरावर चालते आणि प्रत्येक प्रथिनामागे जनुक आहे. म्हणून हार्मोन बनवण्यात, वाहून नेण्यात, पेशीत उतरवून घेण्यात आणि शेवटी ब्रेक लावण्यात, चारही ठिकाणी माणसामाणसांत जन्मजात फरक असू शकतो. कॉर्टिसॉल वाईट नाही, हेही इथेच सांगायला हवं. रात्रभर उपाशी असलेल्या लेकराची साखर आणि रक्तदाब सांभाळणाऱ्यांपैकी ते एक आहे.

वारशाचा वाटा काढायची जुनी आणि अजूनही भरवशाची पद्धत म्हणजे जुळ्यांची तुलना. एकबीज जुळ्यांची जनुकं जवळजवळ पूर्ण सारखी असतात. द्विबीज जुळ्यांमध्ये, साध्या सख्ख्या भावंडांप्रमाणे, बदलणाऱ्या जनुकांपैकी सरासरी निम्मी सारखी असतात. घर, जेवण, शाळा दोन्ही प्रकारच्या जोड्यांत सारखंच असतं. तरीही एकबीज जुळी एकमेकांशी जास्त जुळत असतील, तर ते जास्तीचं जुळणं जनुकांच्या खात्यावर जातं. हिशेब वहीच्या कोपऱ्यात मावेल इतका सोपा आहे. समजण्यापुरते आकडे घेऊ. एकबीज जोड्यांतला सहसंबंध (दोघांचे आकडे किती जुळतात त्याचं माप, १ म्हणजे पूर्ण जुळणी) ०.६० आणि द्विबीज जोड्यांतला ०.३२ आहे असं धरा. फरक ०.२८, त्याची दुप्पट ०.५६, म्हणजे ५६ टक्के आनुवंशिकता. ०.६० मधून ०.५६ वजा केले की ०.०४ उरतात, तो एकाच घरात वाढण्याचा वाटा. आणि १ मधून ०.६० वजा केले की ०.४०, तो ज्याच्या त्याच्या स्वतंत्र अनुभवांचा वाटा. या शेवटच्या ०.४० मध्ये मोजण्यातल्या सगळ्या चुकाही जाऊन बसतात. नमुना उशिरा घेतला, मुलाने त्याआधी दूध प्यायलं, नोंद चुकली, की आनुवंशिकता आपोआप कमी दिसते. नमुना घेण्याच्या शिस्तीला इतकं महत्त्व आहे ते यासाठी.

जाता जाता जुळ्यांविषयी एक सांगते. 'वार दोन होत्या, म्हणजे द्विबीज' असं सरसकट समजलं जातं, ते बरोबर नाही. एकबीज जुळ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जोड्यांना स्वतंत्र वार असते. चेहऱ्यावरूनही चूक होते. खात्री हवी असेल तर डीएनए तपासावं लागतं.

नेदरलँड्समध्ये बार्टेल्स आणि सहकाऱ्यांनी १२ वर्षांच्या जुळ्यांच्या १८० जोड्यांकडून सलग दोन दिवस, दिवसातून चार वेळा लाळ घेतली. २००३ साली त्याचे निष्कर्ष आले. उठल्यावर साधारण ४५ मिनिटांनी घेतलेल्या नमुन्यात आनुवंशिकता ६० टक्के, म्हणजे सर्वांत जास्त होती. दुपारी ती कमी होती आणि रात्रीच्या नमुन्यात जनुकांचा लक्षणीय वाटा आढळला नाही. मुलगे आणि मुली यांच्यात फरक नव्हता.

हे असं का व्हावं? जाग आल्यावर अर्ध्या ते पाऊण तासात कॉर्टिसॉल झपाट्याने चढतं, बहुतेकांत दीडपटीच्या आसपास. ही चढण यंत्रणेच्या मूळ घडणीवर बरीच अवलंबून असते: मेंदूतलं घड्याळ, ॲड्रिनल ग्रंथी एसीटीएचला किती जोरात प्रतिसाद देते, ब्रेक किती घट्ट आहे. मूल अजून घराबाहेर पडलेलं नसतं, दिवस अंगावर आलेला नसतो. संध्याकाळपर्यंत शाळेची व्हॅन, बाईंचं ओरडणं, दुपारची झोप, मैदानावरची धावपळ, मोबाइल, उशिरा जेवण हे सगळं एकावर एक साचतं आणि त्याखाली जन्मजात फरक झाकला जातो. इंदुरात तर रात्री दहानंतर कुटुंबंच्या कुटुंबं सराफा बाजारात खायला निघतात. त्या रात्री मुलाच्या लाळेतून त्याच्या आजोबांचा वारसा शोधणं व्यर्थ आहे.

आणि ६० टक्के म्हणजे 'माझ्या मुलाचं ६० टक्के कॉर्टिसॉल माझ्याकडून आलं' असा अर्थ अजिबात नाही. त्या मुलांमध्ये आपसात जो फरक होता, त्यातला तेवढा हिस्सा जनुकांच्या फरकाशी जोडता आला, इतकंच. एका मुलाविषयी हा आकडा काही सांगत नाही. उद्या इंदूरच्या सगळ्या मुलांची झोप, जेवण आणि शाळा तंतोतंत सारखी केली, तर एकही जनुक न बदलता आनुवंशिकतेचा आकडा वर जाईल.

आता जनुकं कोणती? इथे लोकांची सगळ्यात जास्त निराशा होते. २०१४ मध्ये कॉर्नेट नावाच्या आंतरराष्ट्रीय गटाने युरोपीय वंशाच्या १२,५९७ जणांचं सकाळचं रक्तातलं कॉर्टिसॉल आणि त्यांचा संपूर्ण जनुकसंच ताडून पाहिला. खणखणीत सापडली ती १४ व्या गुणसूत्रावरची एकच जागा, सर्पिनए६ या जनुकाच्या परिसरातली. तिने उलगडला तो एकूण फरकाच्या एक टक्क्याहूनही कमी भाग. बाकीचा वारसा असंख्य जनुकांत इतका बारीक विखुरलेला आहे, की एकेक धागा हाती लागत नाही.

पण ती एक जागा फार बोलकी आहे, म्हणून तिथे जरा थांबते. सर्पिनए६ हे जनुक कॉर्टिसॉल बनवत नाही, ते कॉर्टिसॉल वाहणारं प्रथिन बनवतं, सीबीजी. रक्तातलं ९० टक्क्यांहून जास्त कॉर्टिसॉल सीबीजी आणि अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनांना चिकटून फिरतं. पेशीत शिरून काम करतं ते उरलेलं, मोकळं. नेहमीची रक्ततपासणी दोन्ही मिळून एकूण कॉर्टिसॉल मोजते. म्हणजे ज्याच्याकडे सीबीजी जास्त, त्याचा आकडा मोठा, आणि तरीही त्याच्या पेशींना पोचणारं हार्मोन इतरांइतकंच असू शकतं. काही कुटुंबांत या जनुकातल्या दोषामुळे सीबीजी कमी किंवा निकामी असतं. त्यांचा रिपोर्ट घाबरवण्याइतका कमी येतो आणि मोकळं कॉर्टिसॉल ठीक असतं. तसंच नेफ्रोटिक सिंड्रोम या मूत्रपिंडाच्या आजाराच्या मुलांत लघवीवाटे प्रथिन वाहून जातं, तेव्हाही एकूण आकडा खोटा कमी दिसतो. तापात सीबीजीची पकड सैल होते आणि मोकळा हिस्सा वाढतो. लाळेत फक्त मोकळं कॉर्टिसॉल उतरतं, म्हणून मुलांच्या अभ्यासात लाळेला मान आहे. सुई नाही, ही सोयही आहेच.

दुसरी दोन नावं पॅकेज टेस्टच्या रिपोर्टांत हटकून असतात. एनआर३सी१ हे पाचव्या गुणसूत्रावरचं जनुक पेशीतला ग्राही बनवतं. कॉर्टिसॉल त्यालाच जाऊन बसतं. एफकेबीपी५ हे सहाव्या गुणसूत्रावरचं जनुक त्या ग्राहीची पकड ढिली करणारं प्रथिन बनवतं. कॉर्टिसॉल वाढलं की एफकेबीपी५ वाढतं, ग्राही सुस्त होतो, मेंदूपर्यंत 'पुरे'चा निरोप उशिरा पोचतो. या जनुकाच्या एका प्रकारात ही वाढ जास्त जोरात होते. २०१३ मध्ये क्लेंगेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की हाच प्रकार असलेल्या आणि लहानपणी छळ सोसलेल्या लोकांत या जनुकावरच्या मिथाइल खुणा (जनुक किती वाचलं जाईल हे ठरवणाऱ्या रासायनिक खुणा) काही ठिकाणी पुसल्या गेलेल्या असतात. छळ न सोसलेल्यांत तसं होत नाही. आता हा प्रकार काही दुर्मीळ नाही. आपल्या ओळखीतल्या कितीतरी शांत, हसऱ्या माणसांत तो असेल. म्हणून 'तुमच्या मुलात स्ट्रेस जीन आढळला' असं छापलेल्या कागदासाठी पैसे मोडू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या कागदावरून उपचार, शाळा, अभ्यास यातलं काहीच बदलता येत नाही. मुलाच्या कपाळी मात्र एक शिक्का बसतो आणि घरचे त्याच नजरेने त्याच्याकडे बघू लागतात.

घर किती मोठी गोष्ट आहे, हे कॅनडातल्या क्युबेकच्या जुळ्यांनी दाखवलं. तिथे १९ महिन्यांच्या जुळ्यांना अनोळखी परिस्थितीत नेऊन आधी-नंतर लाळ घेतली. २००८ साली निघालेल्या त्या अभ्यासात, ज्या घरांत अडचणी कमी होत्या तिथे कॉर्टिसॉलच्या प्रतिसादात जनुकांचा वाटा सुमारे ४० टक्के आला. जिथे गरिबी, कमी शिक्षण, एकटं पालकत्व, आईचं तापट वागणं अशा अडचणी साचलेल्या होत्या, तिथे जनुकांचा वाटा दिसेनासा झाला. सगळा फरक परिस्थितीने ठरवलेला. म्हणजे 'स्वभावच तसा' हे वाक्य निवांत घरातल्या मुलाविषयी थोडंफार खरं असेल. रोज भांडणं ऐकणाऱ्या मुलाविषयी ते म्हणू नये.

उंदरांवरचा प्रयोग तर डोळ्यांसमोर उभा राहतो. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी यांच्या गटाने पाहिलं, की काही माद्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात खूप चाटतात, काही कमी. कमी चाटलेली पिल्लं मोठेपणी जास्त घाबरट निघतात, त्यांचं ताणाचं हार्मोन उशिरा उतरतं. हा वारसा असावा असं वाटत होतं. मग त्यांनी पिल्लांची अदलाबदल केली. कमी चाटणाऱ्या आईची पिल्लं जास्त चाटणाऱ्या आईच्या कुशीत दिली, तर ती सांभाळणाऱ्या आईसारखी झाली. मेंदूतल्या कॉर्टिसॉलच्या त्याच ग्राहीच्या जनुकावर मिथाइलच्या खुणा कमी झाल्या होत्या. हा शोधनिबंध २००४ चा. जनुकाची अक्षरं तीच राहिली, ते किती वाचलं जाईल हे मायेने बदललं.

माणसांत रोमानियातल्या बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या १३६ मुलांचा अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून निम्म्या मुलांना पालक-कुटुंबांत पाठवलं. पुढे संस्थेतच राहिलेल्या मुलांचं कॉर्टिसॉल ताणाच्या प्रसंगी नीट वाढेचना. कुटुंबांत गेलेल्यांची यंत्रणा सुधारली, आणि सर्वांत स्पष्ट सुधारणा दीड वर्षाच्या आत गेलेल्यांत होती. कमी कॉर्टिसॉल म्हणजे शांत मूल असं समजणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

मोजायचंच असेल तर? लाळेचा नमुना घरी घेता येतो आणि बिघडतोही घरीच.

मूल डोळे उघडतं तो क्षण म्हणजे शून्य मिनिट. पहिला नमुना अंथरुणातच, मग ३० आणि ४५ मिनिटांनी. 'आधी तोंड धू' म्हणत १५ मिनिटं गेली, तर चढण सुरू झालेली असते. पहिला नमुना जास्त येतो, वाढ कमी दिसते आणि चांगलं मूल कागदावर सुस्त ठरतं. ही सर्वांत नेहमीची चूक आहे. वेळ लगेच लिहायची, संध्याकाळी आठवून नाही. ४५ मिनिटांचा नमुना होईपर्यंत ब्रश नाही, दूध नाही, पोहे नाहीत. ब्रशने हिरड्यांतून रक्त येतं. गाईच्या दुधात तिचं स्वतःचं कॉर्टिसॉल असतं आणि तेही तपासणीत मोजलं जातं. पोह्यांवर पिळलेल्या लिंबाने लाळ आंबट होते आणि प्रतिपिंडांवर चालणारी तपासणी चुकते. जिरावन, शेव, जिलेबी सगळं नंतर. साधं पाणी चालतं, पण चूळ भरल्यावर दहा मिनिटं थांबायचं, नाहीतर लाळ पातळ होते.

स्ट्रॉचा पाचेक सेंटिमीटरचा तुकडा कापून ओठांत धरायचा, मान खाली, लाळ आपोआप नळीत ओघळू द्यायची. थुंकलं की फेस होतो. फेस सोडून खालचा द्रव अर्धा मिलिलिटर असला तरी भरपूर. सहा ते बारा या वयात दुधाचे दात पडत असतात. लाळ गुलाबी दिसली तर नमुना टाकून द्यायचा, कारण रक्तात कॉर्टिसॉल लाळेपेक्षा कितीतरी जास्त असतं. नळी धरणाऱ्या आईने सकाळी हातावर हायड्रोकॉर्टिसोनची क्रीम लावली असेल, तर तिच्या बोटाचा पुसटसा स्पर्शही आकडा आकाशाला नेतो. ही क्रीम म्हणजेच कॉर्टिसॉल.

नमुना फ्रीजरमध्ये, उणे २० अंशांवर. लाळेतलं कॉर्टिसॉल तसं चिवट आहे, काही दिवस बाहेरही टिकतं, पण इंदूरच्या मेमध्ये पारा चाळिशीपार जातो तेव्हा नळीत जंतू आणि बुरशी वाढते. प्रयोगशाळेपर्यंत बर्फाच्या डब्यातच न्यावं. गोठवून वितळवल्यावर चिकट भाग तळाशी बसतो, तो सेंट्रिफ्यूजमध्ये १,५०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १,५०० पट) जोरावर १५ मिनिटं फिरवून वेगळा करतात. हे टाळलं तर पिपेटमध्ये कमी-जास्त द्रव येतो आणि एकाच नळीचे दोन आकडे जुळत नाहीत.

दिवस कोणता निवडायचा? शाळेचे दोन साधे दिवस. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झाक्या, म्हणजे चित्ररथ, बघायला मूल रात्रभर जागलं असेल, तर पुढचे दोन दिवस सोडून द्यावेत. रंगपंचमीच्या गेरनंतरही, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीनंतरही, तसंच. केसांतलं कॉर्टिसॉल मोजायची पद्धतही आहे. डोक्याच्या मागच्या भागातला मुळाजवळचा एक सेंटिमीटर म्हणजे साधारण एक महिना. पण तेल आणि मेंदीची नोंद हवी, आणि नुकतंच जावळ काढलेल्या बाळाचा प्रश्नच येत नाही.

रक्ततपासणी करताना 'सकाळी आठचं कॉर्टिसॉल' असं लिहिलेलं असतं आणि होम कलेक्शनवाला अकराला येतो. तोवर पातळी बरीच उतरलेली असते, आकडा आठच्या पट्ट्याशी ताडून उपयोग नाही. सुईच्या भीतीचा परिणाम रक्तात २० ते ३० मिनिटांनी शिगेला पोचतो. म्हणून पहिल्याच टोचणीत रक्त मिळालं तर ते बरंचसं आधीच्या स्थितीचं असतं. शीर सापडली नाही, मूल रडलं आणि वीस मिनिटांनी पुन्हा टोचलं, तर रडण्याचंच कॉर्टिसॉल मोजलं जातं. रिपोर्टवर एकक बघा. इथल्या लॅब बहुधा मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर देतात, शोधनिबंधांत नॅनोमोल प्रति लिटर असतं. २७.६ ने गुणायचं, म्हणजे १० चे २७६. मुलाला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असेल तर ते आधी सांगा. काही तपासण्यांना ते आणि कॉर्टिसॉल यांतला फरक कळत नाही. दम्याचा स्टेरॉइडचा पंप आणि खरजेसाठी दुकानातून परस्पर आणलेली क्लोबेटासोल या जहाल स्टेरॉइडची ट्यूबही सांगा. तान्ह्या बाळाच्या लंगोटाखाली ती आठवडेच्या आठवडे लावली, तर त्वचेतून शोषली जाऊन बाळाची स्वतःची ग्रंथी झोपी जाते. मग वारसा निर्दोष असूनही कॉर्टिसॉल शून्याजवळ येतं. अशी क्रीम एकदम बंद करणंही धोक्याचं, ते डॉक्टरांच्या देखरेखीतच.

एका ठिकाणी मात्र जनुकातला दोष वेळीच ओळखणं खरोखर जीव वाचवतं. सीएएच (कंजेनिटल ॲड्रिनल हायपरप्लेशिया) या ॲड्रिनल ग्रंथींच्या जन्मजात आजारात, बहुतेक वेळा, सीवायपी२१ए२ हे जनुक दोन्ही बाजूंनी बिघडलेलं असतं आणि ॲड्रिनलला पुरेसं कॉर्टिसॉल बनवता येत नाही. आई-वडील दोघे वाहक आणि स्वतः ठणठणीत असतात. प्रत्येक गरोदरपणात धोका २५ टक्के. मामेबहिणीशी लग्न झालेल्या घरांत दोघांकडे तोच दोष असण्याची शक्यता वाढते. मुलीत जननेंद्रियांच्या घडणीवरून जन्मतःच शंका येते. मुलगा दिसायला नॉर्मल असतो, म्हणून निसटतो. एक ते तीन आठवड्यांत उलट्या, वजन घटणं, मलूलपणा, रक्तात सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त. 'दूध पचत नाही' म्हणून ग्राइपवॉटर देण्यात दोन दिवस जातात, आणि ते दोन दिवस फार महागात पडतात. जन्मानंतर ४८ तासांनी टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात १७-ओएच प्रोजेस्टेरॉन (कॉर्टिसॉल न बनल्याने साचणारा त्याचा कच्चा माल) बघितलं की हे कळतं. प्रसूतीपूर्वीच रुग्णालयात विचारून ठेवा, ही तपासणी तिथे होते का.

अशा मुलाला हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या आयुष्यभर लागतात, लहानपणी साधारण शरीराच्या दर चौरस मीटरला दिवसाला १० ते १५ मिलिग्रॅम, तीन भागांत. ताप आला की निरोगी मुलाची ग्रंथी स्वतःहून जास्त हार्मोन सोडते. याची सोडू शकत नाही, म्हणून तापात डोस दुप्पट-तिप्पट करावा लागतो. उलटीने गोळी राहत नसेल तर इंजेक्शन: तीन वर्षांपर्यंत २५, तीन ते बारापर्यंत ५०, त्यापुढे १०० मिलिग्रॅम, आणि लगेच रुग्णालय. हे आकडे डॉक्टरांकडून मुलाच्या नावाने लिहून घ्यावेत. एक कागद फ्रीजवर, एक दप्तरात, एक शाळेतल्या बाईंकडे.